डोळ्यांसमोर पिऊ दे

"बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी, आमच्या डोळ्यांसमोर पिऊ दे," असं म्हणणारे आईबाप मला नेहमीच समजूतदार वाटत आले. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, गोव्यात, बार्देश तालुक्यात. पालकसभेत हा विषय निघाला की मी त्यांची बाजू घ्यायची, आणि कुणी सोवळेपणाने नाक मुरडलं तर त्यालाच दोन शब्द सुनवायची. आता मी ती बाजू घेत नाही. हे मतपरिवर्तन कुठल्या अपघातानंतर झालेलं नाही. कुणी विद्यार्थी दारूपायी हातचा गेला आणि मग माझे डोळे उघडले, अशीही गोष्ट नाही. काही आकडे, थोडी वयांची वजाबाकी आणि सासऱ्यांशी झालेलं एक बोलणं, एवढ्यावरच ते झालं. म्हणून सांगायला जरा फिकं आहे.

माहेर माझं सावंतवाडीचं. आमच्या घरात दारू यायची ती फक्त वर्तमानपत्रातून: बांद्याजवळ "गोवा बनावटीची दारू जप्त", सोबत खोक्यांच्या ढिगामागे उभे असलेले पोलीस. पिणारे आळीत होतेच, पण ते रात्री उशिरा, भिंतीला धरून घरी यायचे आणि आई खिडकी लावून घ्यायची. लग्न होऊन इकडे आले तर स्वयंपाकघरातल्या कपाटात कोकमाच्या आगळाशेजारी फेणीची बाटली. सर्दी झाली की सासूबाई ती छातीला चोळायच्या, पोट बिघडलं की चमच्यात साखर घेऊन वर चार थेंब. सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, रात्री जेवणाआधी लिंबू-मीठ घालून एक पेग घ्यायचे. दुसरा कधी पाहिला नाही. आवाज चढला नाही, ताट भिरकावलं गेलं नाही. माहेरी लपून पिणारे पडायचे आणि इथे उघड पिणारे ताठ उभे, एवढ्या दोन निरीक्षणांवर मी एक सिद्धांत उभारला. विज्ञानाच्या शिक्षिकेला हे शोभत नाही, पण सासर आवडू लागलं होतं आणि सिद्धांत त्याला सोयीचा होता.

वर्गातही त्याला खतपाणी मिळायचं. ऊर्ध्वपातन शिकवताना मी काचेचा कंडेन्सर मांडते, आणि मागच्या बाकावरची मुलं, जी एरवी फळ्याकडे बघत नाहीत, ती एकदम जागी होतात. तांब्याचं भांडं, त्यातून निघणारी नळी, ती गार ठेवायला पाणी, सगळं त्यांना ठाऊक असतं. मार्च ते मे काजूच्या बागेत भाटी लागलेली त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. "टीचर, पहिल्यांदा निघते ती हुर्राक, तीच परत लावली की फेणी," हे मला एका मुलाने समजावलं होतं, तेव्हा मी गोव्यात नवीन होते. बोंडाचा ताजा रस, निरो, तर त्यांनी बाटल्याच्या बाटल्या प्यायलेला. मला वाटायचं, ज्या मुलांना दारू म्हणजे काय, ती कुठून येते, कशी निघते हे इतकं माहीत आहे, त्यांना तिचं काय आकर्षण उरणार?

आणि समोर पुरावा म्हणून पर्यटक होतेच. डिसेंबरात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर गाडीची डिकी उघडून तिच्यातच बार मांडणारी, रिकाम्या बाटल्या वाळूत रोवून जाणारी पोरं. नंबरप्लेट बहुधा महाराष्ट्राची नाहीतर कर्नाटकाची. महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, वर परवाना हवा. तो परवाना बारमध्येच पाच रुपयांत दिवसापुरता फाडून मिळतो, ही गंमत मी माहेरच्या माणसांना चिडवायला वापरायची. बघा, बंदीत वाढलेली तुमची मुलं इथे येऊन लोळतात आणि आमची मुलं बिघडत नाहीत. हे बोलताना "तुमची" आणि "आमची" कधी अदलाबदल झाली ते मलाच कळलं नव्हतं. फ्रान्सचा दाखला तर ठरलेला: तिथे म्हणे मुलं जेवणाबरोबर पाणी घातलेली वाइन पितात आणि म्हणून शहाणी निघतात.

एका वर्षी पालकांसमोर याच विषयावर बोलायचं होतं. म्हटलं, नुसतं मत नको, आधार देऊ. शोधताना गोव्यातलाच एक अभ्यास हाती लागला. अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. उत्तर गोव्यातल्या, म्हणजे आमच्याच भागातल्या, २० ते ४९ वयाच्या सुमारे १९०० पुरुषांना त्यांनी पिण्याबद्दल विचारलं होतं आणि पहिला पेला कितव्या वर्षी, हेही विचारलं होतं. १९५६ ते १९६० दरम्यान जन्मलेल्यांमध्ये किशोरवयातच सुरुवात केलेले होते १९.५ टक्के. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांमध्ये ७४.३ टक्के.

मी हे आकडे बराच वेळ चुकीच्या बाजूने वाचत होते. मला वाटलं, चला, आजकालची मुलं लवकर पितात, हे तर सगळेच म्हणतात. मग पहिल्या आकड्याकडे नीट पाहिलं. १९५८ साली जन्मलेला मुलगा सोळा वर्षांचा झाला १९७४ साली. तेव्हाही गोव्यात भाटी होत्या, गावोगावी तावेर्न, म्हणजे दारूचे गुत्ते, होती, घराच्या कपाटात बाटली होती. फेणी तर आजच्याहून जास्त ओळखीची होती. आणि तरीही, पाचातला जेमतेम एक मुलगा त्या वयात प्यायला लागला होता. म्हणजे दारू डोळ्यांसमोर असणं आणि मुलाने ती पिणं या दोन गोष्टींचा मी जो सांधा जोडला होता, तोच निखळला. मी जिला गोव्याची जुनी रीत म्हणून मिरवत होते ती मुलांना पेला देण्याची रीत नव्हतीच. ती नवी होती, माझ्या नवऱ्याच्या पिढीच्या आसपास कुठेतरी सुरू झालेली.

खोडा घालण्याचा प्रयत्न मी केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला पहिला पेला कधी घेतला हे नेमकं आठवतं का? आणि जुन्या पिढीतले जे फार लवकर प्यायला लागले, त्यातले काही सर्वेक्षणापर्यंत जगलेच नसतील, तेव्हा मोजणीत ते येणार कुठून? दोन्ही शंका रास्त आहेत, आणि त्यांच्यामुळे तो १९.५ थोडा वर सरकेलही. पण १९.५ आणि ७४.३ यांच्यातलं अंतर एवढ्याने भरून निघत नाही.

मग मी आबांना विचारलं. ते त्या अभ्यासातल्या सगळ्यांहून थोरले. "आबा, तुम्ही पहिल्यांदा कधी घेतली?"

"नोकरी लागल्यावर. आणि ती पण बापाला कळू नये म्हणून दुसऱ्या गावात."

"पण भाटीवर तर तुम्ही लहानपणापासून जायचात."

"बोंडं तुडवायला जायचो. निरो प्यायचो. हुर्राक निघाली की भाटीवाला बोटावर एक थेंब द्यायचा, चव बघ म्हणून. पेला? पेला मागितला असता तर त्यानेच कान धरून घरी आणून सोडलं असतं. आणि तावेर्नात जायचं कसं? आत आमचे दोन काका बसलेले."

नवरा बाजूला पेपर वाचत होता. तो १९७१चा. त्याची पहिली बिअर अकरावीत, क्रिकेटच्या सामन्यानंतर, आणि ती आणली होती संघातल्या एका मोठ्या मुलाच्या चुलत्याने. कुणी कुणाचा कान धरला नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर त्या अभ्यासातल्या बदलाच्या दोन बाजू बसलेल्या होत्या.

इतकी वर्षं मी ज्याला मोकळेपणा म्हणत आले, तिथे जुन्या काळी खरा पहारा होता. दारू उघड होती, पण तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ता वयाने अडवलेला होता, आणि तो अडवायला कायदा नव्हे तर काका, भाटीवाला, तावेर्नवाला असे सगळेच उभे होते. दारू तशीच उघड राहिली, अडवणारे बाजूला झाले. का झाले, याचं माझं उत्तर अंदाजाचंच आहे. आखातातून, जहाजावरून आलेला पैसा, चार्टर विमानं भरून येणारे पर्यटक, सोळाव्या वर्षी हातात आलेली मोटारसायकल, आणि असा बार जिथे आत बसलेला काका कुणाचाच काका नसतो.

त्या जुन्या व्यवस्थेची आरती मला ओवाळायची नाही. ती मुलग्यांपुरती पहारा देत होती. मोठे झाल्यावर तेच मुलगे बायकांच्या वाट्याला कसे आले, हे गावातल्या बायकांना विचारावं. आबांचा सख्खा चुलतभाऊ यकृत जाऊन वारला आणि घरात त्याबद्दल अजून हळू आवाजात बोलतात.

त्या अभ्यासात पुढचा भागही होता: किशोरवयात सुरुवात केलेल्यांमध्ये नंतरच्या आयुष्यात दारूचं अवलंबित्व, पिऊन झालेल्या जखमा आणि मानसिक त्रास यांचं प्रमाण जास्त सापडलं. हे जगभर दिसलेलं आहे. अमेरिकेतल्या नव्वदच्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीत पंधराच्या आत सुरुवात केलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोक आयुष्यात कधीतरी दारूच्या कह्यात गेले, विशीनंतर सुरुवात केलेल्यांपैकी साधारण १०. यावर माझ्यातली शंकेखोर बाई लगेच म्हणते की जे मूल चौदाव्या वर्षी पितं, त्याच्या घरात आधीच काही बिनसलेलं असणार, स्वभावच धाडसी असणार, मग दोष पहिल्या पेल्याला कसा? हा आक्षेप संशोधकही मानतात आणि त्याचं पूर्ण उत्तर निघालेलं नाही. मी स्वतः आता असं धरते की दोन्ही आहे.

असं धरण्याचं एक कारण उंदीर. "टीचर, मला चढत नाही," हे वाक्य मी मुलांकडून अभिमानाने ऐकलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर मीही ते त्यांच्या पचवण्याच्या ताकदीचं लक्षण समजायची. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र स्पष्ट दिसलेलं आहे की वयात येणाऱ्या उंदरांना दारूने येणारी गुंगी आणि तोल जाणं प्रौढ उंदरांपेक्षा कमी जाणवतं, आणि इतरांत मिसळायचा हुरूप मात्र जास्त येतो. म्हणजे थांब सांगणारी खूण उशिरा येते आणि अजून घे सांगणारी लवकर. मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच चढत नव्हती, म्हणूनच तो दोन बाटल्यांवर थांबत नव्हता.

बाटल्यांचा हिशेब मी आता वर्गातच करून घेते, मोल संकल्पनेच्या तासाला उदाहरण म्हणून. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर, ८ टक्के. शुद्ध अल्कोहोल ५२ मिलिलिटर, घनता ०.७९ धरली तर ४१ ग्रॅम. आबांचा ६० मिलिलिटरचा फेणीचा पेग साधारण २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक घेण्याला अति पिणं म्हणते. दीड बाटलीतच ती रेषा ओलांडली जाते. "बिअर म्हणजे काय दारू नव्हे" असं म्हणणारी मुलं हा आकडा स्वतः काढतात तेव्हा वर्ग थोडा वेळ गप्प असतो, मग कुणीतरी विचारतं, "आणि ब्रीझर?" तोही काढतो. इथेच मला आणखी एक गोष्ट उमगली. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटले होते, आणि वारसा, परंपरा हे शब्द मुलांच्या पिण्याच्या समर्थनार्थही वापरत होते. पण या मुलांच्या पार्टीत फेणी असतेच कुठे? बिअर असते, व्होडका असतो. फेणीचा वास त्यांना म्हाताऱ्यांचा वाटतो.

राहिला फ्रान्स. तिथे १९५६ साली सरकारने चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या जेवणात वाइन द्यायला बंदी केली, आणि मोठ्यांच्या शाळांतून ती गेली १९८१ साली. २००९ साली विक्रीचं वय १६ वरून १८ केलं. शेजारच्या स्पेनमध्ये, जिथे वाइन तशीच जेवणाच्या टेबलावर असते, तरुण पोरं रात्री चौकाचौकांत बाटल्या घेऊन जमतात आणि नगरपालिका त्यांच्यामागे धावतात. मी ज्या देशांचा दाखला देत होते, ते देश तो दाखला कधीच सोडून पुढे गेले होते.

आणि नेमका "डोळ्यांसमोर पिऊ दे"चाच प्रश्न कुणी तपासलाय का? ऑस्ट्रेलियात तपासलाय. १९२७ मुलं, साधारण तेराव्या वर्षापासून सहा वर्षं, दरवर्षी मुलालाही प्रश्न आणि पालकालाही. निकाल २०१८ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आला. पालकांनी दारू दिल्याने मूल पुढे सांभाळून पितं, असा काही पुरावा मिळाला नाही. उलट एका वर्षी फक्त पालकांकडून दारू मिळालेल्या मुलांनी पुढच्या वर्षी ती बाहेरून मिळवण्याची शक्यता दुप्पट. घरचा पेला बाहेरच्या पेल्याच्या जागी बसत नाही, तो त्याच्यात मिळवला जातो. हे वाचल्यावर मी पालकसभेचं भाषण रद्द केलं नाही, पण जे बोलणार होते त्याच्या बरोबर उलट बोलले, आणि सभेतल्या निम्म्या लोकांना वाटलं की टीचरच्या घरी काहीतरी झालंय.

तसं काही नव्हतं, आणि मी दारूबंदीवालीही झालेले नाही. बंदीचं काय होतं ते दिसतंच: चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली, आणि बांद्याच्या नाक्यावरचे खोक्यांचे ढीग मी लहानपणापासून पाहतेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातले सुमारे १४ टक्के पुरुष पितात असं दिसलं, गोव्यातले सुमारे ३७. गोवा कोरडा होणार नाही आणि व्हावा असंही मला वाटत नाही. आबांचा पेग आबांना लखलाभ.

मला हवी आहे ती त्या काकांची जागा. कान धरणारे नकोत, पण सगळ्यांनी मिळून एक वय पाळणारे. आइसलँडमध्ये हे जमलं. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात झिंगली होती, २०१६ साली ५ टक्के. त्यांनी संध्याकाळी मुलांना खेळ, संगीत, नाच यांत गुंतवलं, त्यासाठी घरांना पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर फिरण्यावर वयाची मर्यादा घातली, आणि पालकांनी एकमेकांशी लेखी करार केले की कुणाच्याच घरी मुलांना दारू मिळणार नाही. छोटा, श्रीमंत, थंड देश. तिथलं सगळं इथे चालणार नाही. आमच्याकडे संध्याकाळी सातला सोळा वर्षांच्या मुलाला जायला फुटबॉलचं मैदान आहे, पण त्यावर दिवे नाहीत. जत्रेच्या नाटकाच्या तालमी आहेत, पण तालीम संपली की तालीममास्तरच बाटली काढतात. यातलं दुसरं बदलायला सरकारचा पैसा लागत नाही, म्हणून मी आधी तिथे गेले. गावातल्या दोन मंडळांनी ऐकलं, एका मंडळाने मला पुढच्या वर्षी प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं नाही.

घरात मात्र मतभेद आहे. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे आणि गेल्या एप्रिलात नवऱ्याने त्याच्यासाठी लिम्का घालून हुर्राकचा ग्लास भरला. मी तो उचलून ठेवला. नवऱ्याचं म्हणणं, "तो मित्रांबरोबर पितोच, तुला काय वाटतं?" मला काही वाटत नाही, मला माहीत आहे. तो पितो म्हणून मी भरून देणार नाही, इतकंच. मुलाचं म्हणणं वेगळंच होतं: "आई, तू आधी अगदी उलट बोलायचीस. माझ्या मित्रांच्या आया अजून तुझंच वाक्य सांगतात." त्यातल्या तिघींना मी फोन केले. एकीने ऐकून घेतलं. एक म्हणाली, टीचर, तुम्ही दर चार वर्षांनी मत बदलणार असाल तर आम्ही काय करायचं? तिसरीच्या घरी बारावीच्या मुलांची निरोपाची पार्टी आहे, येत्या शनिवारी, आणि तिने विचारलंय की न देण्याचं ठरवलं तर मुलं तिच्या घरी येतील तरी का, आणि नाही आली तर कुठे जातील. शनिवारपर्यंत तिला काहीतरी सांगायचं आहे. नवरा म्हणतो, त्याच दिवशी आमच्या अंगणात फुटबॉलचा सामना मोठ्या पडद्यावर लावू, जेवण मी करतो. दारूबद्दल तो अजूनही माझ्याशी सहमत नाही, पण शागुती तो चांगली करतो.